ग्लुकोजमधलं उजवं-डावं

नमस्कार श्रोतेहो. कागद-पेन्सिल जवळ घेतलीत तर बरं. एक उभी रेघ आणि तिला छेदणाऱ्या चार आडव्या रेघा काढा.

ग्लुकोज हायड्रायोडिक आम्ल आणि लाल फॉस्फरसबरोबर तापवलं की हेक्झेन मिळतं. म्हणजे सहाही कार्बन एका सरळ साखळीत आहेत. ब्रोमीनच्या पाण्यानं त्याचं आम्ल होतं, म्हणून टोकाला अल्डिहाइड (CHO गट). अल्कली असलेल्या कसोटीवर इथे विसंबू नका. अल्कलीत फ्रुक्टोजचंही (फळांतल्या साखरेचंही) रूप पालटतं आणि तेही होकार देतं.

खरा पेच मधल्या चार कार्बनांचा, म्हणजे तुमच्या कागदावरच्या चार छेदांचा. अल्डिहाइडचं टोक वर धरून मोजलं, तर ते दुसरा ते पाचवा. प्रत्येकावरचा हायड्रॉक्सिल (OH गट) उजवीकडे की डावीकडे? शक्यता सोळा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरनं 1891 मध्ये पाचव्या कार्बनवरचा उजवीकडे धरला, आठ उरल्या.

अरॅबिनोज या पाच कार्बनांच्या शर्करेची साखळी अल्डिहाइडच्या टोकाला एका कार्बननं वाढवली की ग्लुकोज आणि मॅनोज नावाची दुसरी शर्करा, दोन्ही हाती येतात. फेनिलहायड्रॅझिनबरोबर या दोघांचं पिवळं संयुग, ओसाझोन, एकच; ते बनताना दुसऱ्या कार्बनवरचं उजवं-डावं पुसलं जातं. तेव्हा फरक फक्त दुसऱ्या कार्बनवर. (ओसाझोन वितळताना विघटित होतं; हळू तापवलं तर वितळणबिंदू खाली दिसतो, त्यावरून ओळख पटवू नये.)

आता नायट्रिक आम्लानं दोन्ही टोकांना आम्ल करा. रेणू सममित झाला, तर तो ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश वळवत नाही. अरॅबिनोजचं द्विआम्ल वळवतं, म्हणजे त्याच्या तीन छेदांपैकी पहिल्या आणि शेवटच्या छेदावरचे हायड्रॉक्सिल विरुद्ध बाजूंना. हे छेद म्हणजे ग्लुकोजचे तिसरा आणि पाचवा कार्बन. म्हणून ग्लुकोजच्या तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल डावीकडे. चौथाही डावीकडे असता, तर ग्लुकोज-मॅनोजपैकी एकाचं द्विआम्ल सममित निघालं असतं. दोन्ही प्रकाश वळवतात, म्हणजे चौथा उजवीकडे. राहिला दुसरा. टोकांची अदलाबदल केली तर मॅनोजचा मॅनोजच राहतो, ग्लुकोजची मात्र निराळी शर्करा होते. ती गुलोज, फिशरनं ती बनवली आणि तिनं ग्लुकोजचंच द्विआम्ल दिलं. म्हणून ग्लुकोज: उजवा, डावा, उजवा, उजवा. इतकं देखणं तर्कशास्त्र रसायनात क्वचितच सापडतं. पाचव्याबद्दलचा अंदाजही बरोबर ठरला. 1951 मध्ये डच स्फटिकशास्त्रज्ञ बायफूट यांनी टार्टारिक आम्लाच्या क्षारावर क्ष-किरण वापरून ते दाखवलं.

पण पाण्यात ही साखळी मिटून कडं होतं आणि पहिल्या कार्बनलाही दोन बाजू येतात. त्यातलं एक रूप, अल्फा ग्लुकोज, नुकतंच विरघळवलं, तर विशिष्ट वलन (ध्रुवित प्रकाश किती वळतो त्याचं माप) +112 अंश दिसतं आणि उतरत उतरत +52.7 वर थांबतं. घाईनं घेतलेलं वाचन म्हणून फसवतं. द्रावण रात्रभर ठेवा, किंवा अमोनियाचा एक थेंब टाका आणि आकडा स्थिर झाल्यावरच टिपून घ्या.