गरम कधी होते, ते आधी सांगा

नमस्कार मंडळी. आज गाडी बिघडली की काय बिघडलं ते ओळखायचं कसं आणि मग त्याचा बरोबर पार्ट आणायचा कसा, यावर बोलायचंय. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा, म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, नंतर परत सांगेन, परत परत सांगेन. गाडी मेकॅनिककडे नेली की "काय झालंय" हे सांगू नका, "कधी होतं" ते सांगा. थंड असताना होतं का तापल्यावर, चढाला का सपाटीला, वळताना का ब्रेक मारताना, एसी चालू असताना का बंद असताना. कधी होतं, ते. निम्मं निदान त्यातच असतं.

आता हे मी कुठं शिकले ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही.

मे महिना होता. चिपळूणहून कराडला परत येत होतो, गाडीत मी, सासूबाई, दोन पोरं आणि डिकीत आंब्याच्या दोन पेट्या. गाडी 2011 ची, पेट्रोल. महिनाभर आधीपासून मधूनच तापायची, तापमानाचा काटा वर जायचा. आमच्या इथल्या एका गॅरेजमध्ये दाखवली होती, त्यांनी थर्मोस्टॅट (इंजिनच्या पाण्याची वाट उघडबंद करणारा वाल्व) बदलला, कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी बदललं, रेडिएटर साफ केला, 6400 रुपये झाले. आठ दिवसांनी परत काटा वर. परत नेली तर म्हणाले हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनमधलं पाणी आणि ऑइल एकमेकांत जाऊ न देणारं सील, गेलं असणार, इंजिन खोलावं लागेल, वीसेक हजार धरून चाला. मी म्हटलं चिपळूणला जाऊन येते मग बघू.

जाताना काही झालं नाही. येताना पोफळी गेलं, कुंभार्ली घाट सुरू झाला, पुढं दोन लोड ट्रक, त्यांच्या मागं आमची गाडी दुसऱ्या गिअरला, कधी पहिल्या, आणि निम्म्या घाटात काटा थेट लालमध्ये. बाजूला घेतली, बॉनेटमधून वाफ नव्हती पण वास यायला लागला होता, तो गरम गोडसर वास, ज्याला आला असेल त्याला कळेल. पोरांना आणि सासूबाईंना कठड्याच्या आत सावलीला बसवलं आणि फडकं घेऊन मी रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, हात काढा तिथनं!"

फणस भरलेली पिकअप मागं येऊन थांबली होती, पन्नाशीचे गृहस्थ, गळ्यात टॉवेल. म्हणाले, "कुकरची वाफ जिरायच्या आधी झाकण काढता का घरी?" आणि खरंच तेच आहे, रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरचंच झाकण, आत दाब असतो म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण काढलं की दाब जातो, सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. गरम गाडीचं झाकण काढायचं नाही. परत सांगते, गरम गाडीचं झाकण काढायचं नाही, अर्धा-पाऊण तास थांबायचं.

आम्ही थांबलो. मी त्यांना सांगायला लागले की हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलायचंय. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. "ते राहू द्या. गरम कवा होती ते सांगा." मी म्हटलं चढाला. "चढालाच? हायवेला शंभरच्या स्पीडनं होती का?" नाही, हायवेला कधीच नाही झाली. "मग सिग्नलला, ट्रॅफिकला?" हो, पुण्यात झाली होती, सातारला एकदा झाली होती. मग त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न मला अजून आठवतो, "सिग्नलला थांबल्यावर एसी गार लागतो का?"

मी बघतच राहिले, कारण गाडी तापते आणि एसी थंड लागत नाही ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असंच मी धरून चालले होते. पोरं कधीपासून सांगत होती, आई, गाडी थांबली की एसीतून गरम वारा येतो. मी म्हणायचे गॅस कमी झाला असेल.

ते म्हणाले, "फॅन बंद हाय तुमचा."

आता बघा किती सरळ आहे. गाडी हायवेला पळते तेव्हा समोरून एवढा वारा येतो की रेडिएटरला फॅनची गरजच पडत नाही. हळू चालली, थांबली, घाटात रेंगाळली की वारा नाही, मग फॅननंच काम करायचं असतं. आमच्या गाडीला रेडिएटरला आणि एसीला मिळून एकच फॅन. म्हणून दोन्ही तक्रारी एकाच वेळी, आणि दोन्ही फक्त थांबल्यावर. हेड गॅस्केट गेलं असतं तर हायवेलाही तापली असती. तरी त्यांनी ऑइलची पट्टी काढून पुसून बघितली, ऑइल काळं होतं पण स्वच्छ, दुधाच्या चहासारखं झालेलं नव्हतं. "पाणी ऑइलमदी गेल्यालं नाय. गॅस्केट चांगलं हाय."

मग गाडी चालू केली, एसी लावला. एसी लावला की फॅन लगेच फिरायला पाहिजे. फिरला नाही. गाडी बंद केली, चावी काढली, बॅटरीशेजारची काळी फ्यूजपेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो, कुठला फ्यूज कशाचा, कुठला रिले कशाचा, माझ्याच गाडीत सात-आठ वर्षं तो होता आणि मी कधी बघितला नव्हता. फॅनचा फ्यूज चांगला. मग बोटानं रिले दाखवला, फॅनची वीज चालू-बंद करणारा स्विच, काड्यापेटीच्या अर्ध्याएवढी काळी डबी, आणि शेजारची दाखवून म्हणाले, "ही हॉर्नची. नंबर बघा दोघींचा." दोन्हींवर नंबर एकच. फॅनची काढली, हॉर्नची तिथं लावली, गाडी चालू, एसी चालू, आणि टिक असा आवाज येऊन फॅन भर्रकन फिरला. सासूबाईंनी तिथूनच हात जोडले.

6400 रुपये आणि वीस हजारांचा अंदाज, आणि बिघाड त्या डबीत.

पण आता हॉर्न नाही, आणि पुढं घाटाची वळणं. ते म्हणाले, "माझ्या मागंमाग या. वळणावर हॉर्न मी वाजवतो." आणि खरंच, हेळवाकपर्यंत प्रत्येक वळणावर ते दोनदा वाजवायचे, एकदा स्वतःसाठी, एकदा आमच्यासाठी. काटा मधोमध. वर आल्यावर मी आंब्याची एक पेटी द्यायला गेले तर चार आंबे घेतले फक्त, आणि एक फणस आमच्या डिकीत टाकून गेले.

पाटणला आल्यावर रिले घ्यायला दुकानात गेले. दुकानदारानं बघून दिला, हुबेहूब तीच डबी, तेवढ्याच पिना. मी जुनी हातात धरून शेजारी ठेवली तर जुनीवर 12 व्होल्ट लिहिलेलं आणि नवीनवर 24. ट्रकची होती ती. ट्रकची लाइन 24 व्होल्टची, कारची 12 ची, ती डबी बसली असती पण चालली नसती, आणि मी परत म्हटलं असतं की फॅनच गेला. बदलून घेतली, 180 रुपये.

म्हणून दुसरी गोष्ट, जुना पार्ट हातात घेऊन दुकानात जा. फोटो नाही, पार्ट. नंबर, व्होल्ट, पिना, दात, सगळं शेजारी ठेवून बघा. आणि गॅरेजमध्ये पार्ट बदलला की जुना मागून घ्या, तो तुमचा आहे, तुम्ही पैसे दिलेत. चांगला मेकॅनिक स्वतःहून देतो.

ड्रायव्हिंग स्कूलबद्दल मला इथं बोलायचंच आहे. महिनाभर शिकवतात, आठ काढायला लावतात, पण बॉनेट उघडून एकदाही दाखवत नाहीत, आणि मुलींना तर नाहीच नाही. माझ्या पुतणीला विचारलं कूलंटची बाटली कुठली, तिनं वायपरच्या पाण्याची दाखवली. तिचा दोष नाही. लायसन्सच्या परीक्षेत बॉनेट उघडायला लावलं पाहिजे, माझं पक्कं मत आहे.

बरं, वेळ कमी राहिलाय, भराभर सांगते. चावी फिरवली आणि नुसतं टकटकटक झालं, लाइट मंद झाले, तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल, आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं साफ करा मग बॅटरीचं बघा. मीटर लावला तर रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीला साडेबाराच्या वर व्होल्ट दिसतात, गाडी चालू केल्यावर चौदाच्या आसपास. चालू गाडीतही बाराच दिसत असेल तर बॅटरी बदलून उपयोग नाही, अल्टरनेटर चार्ज करत नाहीये. इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरी सोडून द्या, पेट्रोल किंवा स्पार्क. पूर्ण वळवताना कटकट आवाज येतो, तर ॲक्सलचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा जॉइंट, त्याचा रबरी बूट फाटलाय का बघा, वेळेत कळलं तर नुसता बूट बदलून भागतं. ब्रेक मारल्यावर चीं आवाज म्हणजे पॅड संपत आलेत, खर्रर्र म्हणजे संपलेत आणि आता डिस्क खातायत, तसंच चालवू नका.

इंजिनचा पिवळा दिवा लागला की स्कॅनर लावतात, कोड येतो. कोड म्हणजे पार्टचं नाव नाही, एवढं लक्षात ठेवा. पी 0171 आला की बरेच जण ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलतात, तो कोड एवढंच सांगतो की पेट्रोलच्या मानानं हवा जास्त होतेय, आणि बऱ्याचदा कुठला तरी हवेचा पाइप चिरलेला असतो. तिथंही तेच, कधी होतं ते विचारा.

पार्ट मागवताना नुसतं मॉडेल सांगू नका. एकाच मॉडेलला एकाच वर्षात दोन कंपन्यांचे ब्रेक बसवलेले असू शकतात आणि त्यांचे पॅड एकमेकांना बसत नाहीत. आरसी बुकावरचा चासी नंबर सांगा, सतरा अक्षरी, शोरूमच्या पार्ट काउंटरवर त्यावरून नेमका पार्ट नंबर निघतो. तो नंबर लिहून घेतला की पुण्यात नाना पेठेत जा नाहीतर गावातल्या दुकानात जा, घ्यायचं काय ते पक्कं असतं. जुन्या मालाचंही सांगते, कुर्ल्याहून दरवाजा, आरसा, डिकीचं झाकण आणलं तर चालेल, मीही आणलंय. ब्रेकचं आणि स्टेअरिंगचं काहीही जुनं आणायचं नाही. ब्रेकचं आणि स्टेअरिंगचं जुनं नाही म्हणजे नाही.

आणि तुमच्या गाडीचा फॅन आज घरी गेल्यावर बघा. सपाटीला उभी करा, न्यूट्रल, हँडब्रेक, बॉनेट उघडा, ओढणी, टॉवेल, हात सगळं लांब ठेवा कारण फॅन कधीही अचानक फिरतो, आणि आतून कुणालातरी गाडी चालू करून एसी लावायला सांगा. थोड्या वेळात फिरला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूजपेटीचं झाकण उलटं करून नकाशा वाचा.

पुढच्या बुधवारी वायपर आणि टायर, पाऊस तोंडावर आलाय. नमस्कार.