भिजायचं तर ठरवून भिजा

नमस्कार मंडळी! आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील ही बाई आता रेडिओवर काहीही बोलायला लागली, पण ज्यांनी सोसायटीची किंवा भिशीची एखादी बस भरून ट्रिप नेलीय ना, त्यांना लगेच पटेल. विषय आहे थीम पार्कातल्या पाण्याच्या राईड आणि तिथं होणारं भिजणं. मी स्वतः अशा ट्रिपा नेत असते, त्यामुळे दुपारी साडेतीनला ओली जीन्स घालून, पाय फाकवून चालणारी माणसं आणि "काकू, माझा फोन चालू होत नाहीये" म्हणणारी पोरं, दोन्ही भरपूर बघितलीत.

आधी एक गोष्ट. मी वॉटर पार्कबद्दल बोलत नाहीये. गोराईला वॉटर किंगडमला जायचं म्हटलं की आपण घरूनच कॉस्च्यूम, टॉवेल, बदलायचे कपडे सगळं घेऊन निघतो, कारण जायचंच मुळी भिजायला. घोटाळा होतो तो थीम पार्कात. म्हणजे आपल्या खोपोलीजवळचं इमॅजिका घ्या, 2013 ला सुरू झालेलं. तिथं रोलर कोस्टर आहेत, एसीत बसून बघायच्या राईड आहेत, आणि मधेच राजासॉरसची बोट आहे, अंधारातून डायनोसोर बघत बघत जायचं आणि शेवटी धाडकन खाली पाण्यात. (हा राजासॉरस खरा होता बरं का, नर्मदेच्या खोऱ्यात गुजरातमध्ये त्याची हाडं सापडली आणि 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिलं, पोरांना रांगेत उभं असताना सांगायला बरं पडतं.) तर अशा ठिकाणी माणूस लग्नाला निघाल्यासारखा चांगले कपडे घालून, नवे स्पोर्ट शूज घालून आलेला असतो, आणि मग बोटीसमोर उभं राहून विचार करतो की जाऊ का नको. तो विचार आदल्या रात्री बॅग भरतानाच व्हायला हवा होता.

कारण कसंय, भिजायला पाच-दहा सेकंद लागतात आणि मजा पण येते. त्रास होतो तो नंतर तीन-तीन तास ओलं राहण्याचा. मी जे काही सांगणार आहे ते सगळं या तीन तासांबद्दल आहे.

आता पाणी अंगावर येतं कुठून ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जातं. उतारावरून सुटणारी बोट असते तिची कल्पना लाकूडतोड्यांच्या पाटावरून आली, डोंगरातून ओंडके पाण्याच्या पाटातून खाली सोडायचे ना, तसं. ओंडक्याच्या बोटीची पहिली राईड अमेरिकेत टेक्सासमध्ये 1963 ला आली. या बोटीत खाली जो मोठा फवारा उडतो तो काय नुसता फोटोसाठी नसतो हो, तोच ब्रेक असतो! बोट वेगात येते, पाण्यात घुसते, पाणी बाजूला ढकलण्यात तिचा जोर संपतो आणि ती थांबते. म्हणून बोटीत जितकी वजनदार मंडळी तितकी ती खोल बसणार आणि तितकं जास्त पाणी उडणार. आमच्या ग्रुपमधले सगळे काका लोक एकाच बोटीत बसतात तेव्हा काठावर उभे असलेले पण भिजतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दुसरा प्रकार गोल तराफ्याचा, रॅपिड्स म्हणतात त्याला, तो 1980 ला ह्युस्टनला सुरू झाला. यात दहा-बारा जण गोल बसतात आणि तराफा आपटत, फिरत फिरत जातो. इथं कुठली सीट सेफ हे कुणीच सांगू शकत नाही, कारण धबधब्याखाली नेमकी कुणाची पाठ येणार हे तराफा ठरवतो. ज्यांची मुलं ओरलँडोला किंवा तिथं आसपास आहेत आणि जे उन्हाळ्यात जाणार आहेत त्यांनी लक्षात ठेवा, डिस्नेच्या ॲनिमल किंगडममध्ये काली रिव्हर रॅपिड्स आणि युनिव्हर्सलमध्ये पोपायची तराफ्याची राईड, या दोन्ही बारा-बारा जणांच्या आहेत आणि पोपायवाल्यात तर वरून बाजूच्या जहाजावरची माणसं पण आपल्यावर पाण्याच्या बंदुका मारतात. थोडंसं भिजू, असं काही तिथं नसतं. सिंगापूरला युनिव्हर्सलला आपली खूप मराठी कुटुंबं जातात, तिथली ज्युरासिक पार्कची राईडही याच गोल तराफ्याची, आणि शेवटी वर उचलून खाली सोडतात.

मग बोटीतली सीट कुठली घ्यायची? पुढे बसलं की जास्त भिजतो असं सगळे म्हणतात पण ते प्रत्येक राईडला खरं नसतं, वेग जास्त असेल तर पाणी पुढच्यांच्या डोक्यावरून जातं आणि मागच्या रांगेत पडतं. म्हणून मी काय सांगते, रांगेत घुसायच्या आधी पाच मिनिटं शेवटच्या उताराजवळ उभं राहा आणि तीन-चार बोटी नुसत्या बघा. नाहीतर बाहेर पडायच्या वाटेवर उभं राहा आणि लोकांचे शर्ट बघा, कुणाचे खांदे ओले, कुणाची पूर्ण पाठ, कुणाची फक्त बूड. सगळं कळतं.

बूड म्हटलं ते मुद्दाम. रेनकोट किंवा पोंचो घालून बसणारे नेहमी फसतात ते इथंच. वरून येणारं पाणी पोंचो अडवतो, पण सीटवर आधीच पाणी साचलेलं असतं, आणि तुम्ही पोंचो मागे उडवून त्या पाण्यात थेट बसता. पोंचो खाली घेऊन त्यावर बसायचं, पुढचं टोक गुडघ्याखाली दाबून धरायचं. आणि पावलांकडे लक्ष ठेवायचं, बोटीच्या तळाला पाणी खेळत असतं, बूट भिजायचं खरं कारण तेच असतं. पाय थोडे वर उचलले तर चालतात पण बोटीच्या बाहेर हात-पाय काढायचे नाहीत, आणि पोंचोवाल्या माणसाने सेफ्टी बार नीट बसलाय का ते कापड बाजूला करून बघायचं.

आता कपडे. जीन्स नको. खरंच नको. डेनिम एवढं पाणी पितं की संध्याकाळपर्यंत वाळत नाही, जड होतं, आणि मांड्या काचतात त्या वेगळ्याच, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आठवण येते. पातळ सिंथेटिक, म्हणजे जिमला घालतात तसले ड्राय फिट टी-शर्ट आणि ट्रॅक पँट, उन्हात तासाभरात बरेच सुकतात. ज्यांच्या मांड्या एरवीही घासतात त्यांनी सकाळीच थोडं व्हॅसलीन लावून निघा, लाजायचं काय त्यात.

बायकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगते. पांढरा किंवा फिक्या रंगाचा सुती कुर्ता भिजला की आरपार दिसतो, कारण धाग्यांमधल्या हवेच्या जागी पाणी भरतं आणि उजेड विखुरण्याऐवजी सरळ आत जातो, तेव्हा गडद रंग नाहीतर भरगच्च प्रिंट घाला, ओढणी मात्र राईडवर नको, ती कुठेतरी अडकते, बॅगेत ठेवा. साडी नेसून येणाऱ्या आमच्या आजी मंडळींना मी सरळ राईडवरच्या पुलावर उभं करते, त्यांना वरून नातवंडांवर हसायला जास्त आवडतं असा अनुभव आहे. आणि पाळी चालू असेल तर साधं पॅड राईडवर उपयोगाचं नाही, ते बाहेरचंच पाणी शोषून फुगतं. कप किंवा टॅम्पॉन वापरत असाल तर ठीक, नाहीतर त्या दिवशी बोट सोडा आणि बाकीच्या राईड करा. तेच गणित लहान बाळांचं. साधा डायपर म्हणजे आत पाणी धरणारी पावडर, तो एका फवाऱ्यात फुगून गुडघ्यापर्यंत येतो, पोहायचे डायपर वेगळे मिळतात ते फुगत नाहीत. पण तेवढी लहान बाळं उंचीच्या नियमात बहुतेक बसतच नाहीत, तेव्हा हा प्रश्न काठावर बसणाऱ्यांचा जास्त.

पायात? मागे पट्टा असलेली सॅंडल. मोकळी स्लिपर पाण्यात सुटते, आणि बूट-मोजे ओले झाले की दिवसभर चालून फोड येतात. बूटच घालून आला असाल तर निदान एक जोडी मोजे जास्तीची ठेवा, या सगळ्या यादीत सगळ्यात हलकी आणि सगळ्यात उपयोगी वस्तू तीच आहे. आणि टॉवेल म्हणून तो जाडजूड टर्किश टॉवेल आणू नका हो, पंचा आणा. पातळ असतो, पिळला की लगेच परत पुसायला तयार, खांद्यावर टाकून फिरलं की वाळतो पण. आमच्याकडे पंचा काढला की पोरं हसतात, आणि राईडवरून उतरली की तीच पोरं मागतात.

मोबाईल. लोक म्हणतात माझा वॉटरप्रूफ आहे. बरं, आयपी 67 हा फोनचा पाण्यापासून बचावाचा दर्जा, म्हणजे एक मीटर खोल गोड्या पाण्यात अर्धा तास, तेही नव्या फोनला आणि प्रयोगशाळेत. तुमचा फोन दोनदा पडलाय, एकदा स्क्रीन बदललीय, आणि राईडचं पाणी क्लोरीन टाकून तेच तेच फिरवलेलं असतं. लॉकर असेल तर लॉकर, नाहीतर चेन लॉकची जाड पिशवी. पातळ कॅरीबॅगा तर आपल्याकडे 2018 पासून बंदच आहेत, त्यामुळे ती आयत्या वेळची सोय आता विसरा. आणि फोन भिजलाच तर तांदळाच्या डब्यात घालायचा नाही! अ‍ॅपलनेच सांगितलंय की तांदळाचे बारीक कण आत जाऊन फोनचं नुकसान होऊ शकतं. चार्जिंगचं भोक खाली करून हलकेच टिचक्या मारा, हवेशीर जागी ठेवा, आणि मुख्य म्हणजे ओला असताना चार्जिंगला लावू नका. गाडीची रिमोटवाली किल्ली पण त्याच पिशवीत, ती विसरतात सगळे. कानाचं मशीन लावणाऱ्या आजोबांना उठसूट आठवण करा. नोटांचं मात्र टेन्शन नको, आपल्या नोटा कापसाच्या असतात, पंख्याखाली ठेवल्या की चालतात.

डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर एक दिवस चष्मा लावा, मागे दोरी बांधून. लेन्सखाली पाणी अडकतं आणि अशा पाण्यातून डोळ्याला वाईट इन्फेक्शन होऊ शकतं, इथं मी मस्करी करत नाहीये. पाणी येताना तोंड बंद. ओरडायचं ते आधी ओरडून घ्या.

आता वेळ. हा भाग ट्रिप नेणाऱ्यांनी कान देऊन ऐका, कारण अर्धे हाल इथंच वाचतात. पाण्याची राईड दुपारी बारा-एकच्या सुमाराला घ्यावी, जेवणाच्या आधी, म्हणजे नंतर उन्हात बसून जेवताना निम्मं सुकून जातं. त्याच्यानंतर लगेच एसी थिएटरवाली राईड नको, आणि इमॅजिकाच्या स्नो पार्कचं तिकीट काढलं असेल तर ते सकाळी उरकून घ्या, ओल्या अंगानं बर्फात जायचं म्हणजे शिक्षाच. संध्याकाळी पाचला "आता शेवटची एक बोट" हा हट्ट पोरं करणार, तिथं नाही म्हणायचं, कारण पुढे अडीच तास एसी बस आहे. कपड्यातलं पाणी वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातं, आणि लहान मुलांचं वजन कमी पण अंग त्या मानानं पसरट, म्हणून ती आपल्या आधी कुडकुडतात. आजी म्हणणार सर्दी होईल. सर्दी खरं तर व्हायरसनं होते, पण थंडी वाजणारं पोर रडतं, तेव्हा त्याला कोरडं करा आणि आजीशी वाद घालू नका.

ऋतूनं पण फरक पडतो. शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत जातात, हवा कोरडी म्हणून कपडे लवकर वाळतात पण ऊन उतरलं की घाटाच्या पायथ्याला गारठा येतो. मे महिन्यात थंडी नाही, घामाची चिकचिक आहे, बनियन ओलंच राहतं. पावसाळ्यात खोपोलीला काही वाळतच नाही, हवाच पाण्यानं भरलेली, मग बदलायचा पूर्ण जोड हवाच. फ्लोरिडाला उन्हाळ्यात दुपारी विजा होतात आणि उघड्यावरच्या राईड बंद करतात, तेव्हा तिथं सकाळीच जा. युनिव्हर्सलच्या पार्कात पैसे टाकून गरम वारा सोडणाऱ्या उभ्या पेट्या असतात, त्यात उभं राहिलं तर वरून बरं वाटतं, जीन्स मात्र ओलीच राहते, बघितलंय मी.

आणि घरी पोचल्यावर, कितीही दमला असाल, रात्रीचे अकरा वाजले असले तरी ते ओल्या कपड्यांचं गाठोडं बॅगेतून काढून बादलीत टाका. सकाळपर्यंत राहिलं तर असा कुबट वास धरतं की दोनदा धुतलं तरी जात नाही, आणि मग बॅग पण धुवावी लागते. बूट असतील तर आत वर्तमानपत्राचे बोळे, आणि सकाळी ते बोळे बदलायचे, उन्हात ठेवायची घाई नको, चिकटवलेले तळवे सुटतात.

चला, माझी वेळ झाली. बस कुणाची कधी निघणार आहे ते तुम्ही ठरवा, पंचा मात्र आजच शोधून ठेवा. नमस्कार.