धुरातलं चीज

(दृश्य: उतरतं लाकडी छप्पर, मागे तात्रा पर्वताचे कडे)

पोलंडचं दक्षिण टोक. गाव झाकोपाने. आपला मुक्काम या ओंडक्यांच्या घरात. भिंतीच्या फटी जवळून बघा: सिमेंट नाही, तासलेल्या लाकडाच्या लांब ढलप्यांचे पीळ ठासून भरलेत. गुराल, म्हणजे इथल्या डोंगरी लोकांच्या या घरांना प्रतिष्ठा मिळवून दिली चित्रकार स्तानिस्वाव्ह वित्किएविच यांनी. त्यांनी आखलेलं 'कोलिबा' हे घर १८९३ साली पुरं झालं. ते अजून उभं आहे.

(दृश्य: जेवणघर, वाफाळता वाडगा)

क्फाश्नीत्सा. आंबवलेला कोबी, बटाटा, धुरी दिलेल्या बरगड्या. सोबत मोस्कोले: उकडलेला बटाटा आणि पीठ मळून, चुलीच्या तापल्या पत्र्यावर शेकलेली जाड भाकरी, वर लसणाचं लोणी. आमच्या कॅमेरामनने तिसरी मागितली, म्हणून हा शॉट थोडा हललाय.

आणि हे निखाऱ्यावरचं चीज, शेजारी क्रॅनबेरीचा मुरंबा. याचं नाव ओस्त्सिपेक. याच्यासाठी आम्ही घराच्या मालकीणबाईंनी दिलेला पलंग सोडून पहाटे डोंगर चढलो.

(दृश्य: मेंढपाळाची झोपडी, मधोमध आग)

मुख्य मेंढपाळ म्हणजे बात्सा. त्यांचे हात बघत राहा. मेंढीचं कोमट दूध रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, घालून घट्ट होतं. ते मोडायचं, चोथा गोळा करायचा, गरम पाण्यात बुडवून पिळायचा. पुन्हा बुडवायचा, पुन्हा पिळायचा. मग दोन्ही टोकं निमुळती, सुताच्या चातीसारखी. पोटावर कोरीव लाकडी साचा दाबला की नक्षी उठते. त्यानंतर मिठाचं पाणी, आणि शेवटी छपराखालची ही फळी. खालच्या आगीचा धूर कित्येक दिवस वर चढत राहतो आणि पांढरं चीज मधाच्या रंगाचं होतं.

चोथा काढल्यावर दुधाचं जे पाणी उरतं, त्याचं पेय म्हणजे झेंतित्सा. बात्सांनी पेला पुढे केला. आंबूस, किंचित धुरकट. नाही म्हणायची सोय नव्हती.

२००८ पासून युरोपीय संघाने हे नाव राखून ठेवलंय: किमान ६० टक्के दूध मेंढीचं हवं. बाजारात मात्र गाईच्या दुधाचे जुळे भाऊ सर्रास विकले जातात, आणि हिवाळ्यात तर मेंढ्या दूधच देत नाहीत.

(दृश्य: संध्याकाळ, फळीकडे जाणारा हात)

आजची शेवटची खेप. बात्सा दार अर्धवट लोटतात. वारा आत आला, तर धूर वाकडा जातो.