निरोप आधीच पोचलेला असतो

[दृश्य: मालीमची जेटी, पहाट. ट्रॉलरवरून क्रेट उतरताहेत.]

ऑगस्टचा पहिला आठवडा. दोन महिन्यांची मासेमारीबंदी उठली आणि मांडवीच्या पलीकडे मालीमची जेटी पुन्हा गजबजली. क्रेटमध्ये बांगडे आहेत, सुंगटं आहेत आणि बर्फावर माणक्यो, म्हणजे कोकणातली माकुळं.

माणकी साफ करताना कधी नीट पाहिलंय? डोकं ओढलं की आतडी त्याच्यासोबत सुटून येतात. मग पाठीतलं पारदर्शक पातं सर्रकन बाहेर निघतं. उरते ती पांढरी पिशवी. ती उभी चिरून सपाट पसरली की आतल्या अंगाला डावी-उजवीकडे एकेक बारीक गाठ दिसते आणि त्या गाठीतून चहूकडे फाकलेले धागे. हे तिचे मज्जातंतू. संकट आलं की आज्ञा इथूनच धावते, पिशवी आवळते आणि माणकी पाण्याचा झोत सोडून मागे पळते.

अटलांटिकमधल्या लोलिगो जातीत या धाग्यांपैकी सगळ्यात जाड धाग्यातला अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीची संदेश वाहून नेणारी लांब तार, अर्ध्या मिलिमीटरहून जाड भरतो. आपल्या मेंदूतले अक्षतंतू याच्या शेकडो पट बारीक. इतका जाड तंतू काढून तपासता येतो, म्हणूनच मेंदूविषयी बोलायचं तरी सुरुवात मासळीपासून केली. 1968 साली अंतोनियो ज्युदित्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा तंतू माणकीच्या शरीरातून काढून घेतला आणि त्यात नवी प्रथिनं तयार होताना पाहिली. पेशीचा मुख्य देह जवळ नाही, केंद्रक नाही, तरी काम चालू! भोवतालच्या पेशींनी प्रथिनं बनवून आत ढकलली असतील, असा आक्षेप पुढे बराच काळ घेतला गेला. तो रास्तच होता. पण एक प्रश्न कायमचा उभा राहिला: चेतापेशी सगळं काही केंद्रकाजवळच बनवते का?

[दृश्य: पणजीचा फेरीधक्का. कॅमेरा नदीकाठच्या रस्त्याने मिरामारकडे.]

कमरेपासून पायाच्या बोटांकडे जाणारा अक्षतंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो. ज्या पेशीतून तो निघतो तिचा देह साधारण 0.05 मिलिमीटर. पेशीचा देह नारळाएवढा मानून तो पणजीच्या फेरीधक्क्यावर ठेवला, तर तंतूचं टोक मिरामारच्या वाळूत पोचेल.

आता प्रथिनं त्या टोकाला पाठवायची कशी? काही पिशव्यांत भरून जलद जातात, दोन-तीन दिवसांत पोचतात. पण तंतूचा सांगाडा ज्यांचा बनतो ती प्रथिनं दिवसाला एक ते तीन मिलिमीटर सरकतात. एक मीटरला वर्ष ते तीन वर्षं! आणि टोकाला गरज पडते ती आत्ता, या मिनिटाला.

[दृश्य: म्हार्दोळ. घराच्या बलकावात पेटी घेऊन बसलेली मुलगी, शेजारी गुरुजी.]

अंतर ही अर्धीच अडचण. ही मुलगी नाट्यपदाची एक जागा पुन्हा पुन्हा घोटते आहे. मेंदूतल्या एकेका पेशीवर हजारो सिनॅप्स, म्हणजे दुसऱ्या पेशींशी जुळणारे सांधे, कुठे दहा हजारही. तिच्या आजच्या रियाजात त्यातले मोजकेच कामाला लागले. पक्के व्हायला हवेत ते तेवढेच. केंद्रक मात्र सगळ्यांना मिळून एकच. शिकलेलं टिकायला नवी प्रथिनं लागतात, हे 1963 मध्येच दिसलं होतं: फ्लेक्सनर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत प्रथिननिर्मिती रोखणारं प्युरोमायसिन सोडलं आणि त्यांचं शिकलेलं पुसलं गेलं. मग त्या मोजक्या सिनॅप्सनाच प्रथिनं मिळतात कशी?

1982 मध्ये ऑस्वल्ड स्टुअर्ड आणि विल्यम लेव्ही यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उत्तराचा धागा सापडला. पेशीच्या फांद्यांवरच्या (वृक्षिकांवरच्या) बारीक काट्यांच्या, म्हणजे जिथे सिनॅप्स असतात त्या काट्यांच्या, अगदी बुडाशी रायबोसोमचे पुंजके होते. प्रथिनं जोडणारी यंत्रणा केंद्रकापासून दूर, सिनॅप्सच्या दारात. 1996 मध्ये ह्येजिन कांग आणि एरिन शुमन यांनी उंदराच्या मेंदूच्या पातळ चकतीत वृक्षिका पेशीदेहापासून कापून वेगळ्या केल्या आणि बीडीएनएफ हे वाढीचं द्रव्य दिलं. तरीही सिनॅप्स बळकट झाले. प्रथिननिर्मिती औषधाने बंद केली, तर झाले नाहीत.

[दृश्य: ॲनिमेशन. वृक्षिकेतून सरकणारा कण.]

केंद्रकातून निघतो तो एमआरएनए, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं याचा निरोप. त्याच्या शेपटाकडे पत्ता लिहिलेला असतो. ॲक्टिन या सांगाड्यातल्या प्रथिनाच्या निरोपावर हा पत्ता 54 अक्षरांचा आहे. पत्ता ओळखणारी प्रथिनं निरोपाला गुंडाळतात, कायनेसिन हे वाहक प्रथिन त्याला सूक्ष्मनलिकांवरून, म्हणजे पेशीतल्या रुळांवरून, ओढून नेतं आणि निरोप सिनॅप्सजवळ येऊन थांबतो.

थांबतो, वाचला जात नाही. मला या सगळ्या कहाणीत खरी करामत इथे दिसते. निरोप पाठवणं अवघड आहेच, पण मोलाचं आहे ते त्याला गप्प ठेवणं. हे काम करणाऱ्यांत एफएमआरपी हे प्रथिन आहे. ते निरोपाला धरून बसतं आणि रायबोसोमला पुढे सरकू देत नाही. सिनॅप्सवर ग्लुटामेट हे संदेशद्रव्य आलं, ते ओळखणारी ठरावीक प्रथिनं, म्हणजे ग्राहक, जागे झाले, की मिनिटाच्या आत एफएमआरपीवरचा फॉस्फेट काढला जातो, पकड सुटते, प्रथिन बनू लागतं. काही मिनिटांत फॉस्फेट परत चढतो. दार बंद.

आवर घालणारे आणखीही आहेत. मायक्रोआरएनए, म्हणजे आरएनएचे छोटे तुकडे, निरोपाला चिकटून त्याला मुका करतात. त्यांच्या जोडीला मोव्ह-10 नावाचं प्रथिन असतं. सौरव बॅनर्जी आणि केनेथ कोसिक यांच्या गटाने 2009 मध्ये दाखवलं, की सिनॅप्स उत्तेजित झाला की पेशी मोव्ह-10 चक्क मोडून टाकते आणि अडवलेले निरोप मोकळे होतात.

आवर सुटला तर काय होतं, हे काही घरांना रोज भोगावं लागतं. एफएमआर-1 जनुकात सीजीजी ही तीन अक्षरं साधारण तीसेक वेळा येतात. ती 200 च्या वर गेली की जनुक बंद पडतं, एफएमआरपी बनतच नाही. या आनुवंशिक आजाराचं नाव फ्रॅजाइल एक्स. जनुक सापडलं 1991 मध्ये. मूल उशिरा बोलतं, नजरेला नजर देत नाही, आवाजाने बिथरतं, शिकणं जड जातं. मुलग्यांत जास्त, मुलींत बहुधा सौम्य. अशा मुलाला हट्टी किंवा आईच्या लाडाने बिघडलेलं म्हणणारे शेजारी गावोगाव आहेत. ते सरळसरळ अन्यायाचं आहे.

ग्लुटामेटचा तो ग्राहक दाबणारी औषधं उंदरांत छान चालली. माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत मात्र अपेक्षित गुण आला नाही. आज हातात आहे ती रक्तातल्या डीएनएची चाचणी. घराण्यात, विशेषतः आईच्या बाजूला, अशी मुलं असतील तर बालरोगतज्ज्ञांना या चाचणीबद्दल जरूर विचारा. पुढच्या बाळाचा विचार करणाऱ्या मावशी-बहिणींनाही त्या अहवालाचा उपयोग होतो.