कार्ड मोकळं करू का?

दृश्य: लातूर, गंजगोलाई. संध्याकाळची गर्दी. कॅमेरा एका बोळात वळतो, फोटो स्टुडिओची पाटी.

निवेदन:

गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या कुठल्याही रस्त्याने थोडं आत गेलं की एखादा फोटो स्टुडिओ लागतोच. तुळशीचं लग्न लागलं की यांचा सीझन सुरू. आज औशाला हळद, उद्या निलंग्याला अक्षता, परवा उदगीरला रिसेप्शन. कॅमेरे दोन, कधी तीन, वर ड्रोन. सगळ्यांची मेमरी कार्डं रात्री स्टुडिओत येतात आणि सकाळी ती रिकामी होऊन पुन्हा गाडीत बसलेली लागतात.

"भैय्या, कार्ड मोकळं करू का?"

"कॉपी झाली का पण?"

"झाली की. हिरवी पट्टी पूर्ण भरली."

हिरवी पट्टी भरली म्हणजे कॉम्प्युटरने आपल्या बाजूचं काम संपवलं. फाईल डिस्कवर जशीच्या तशी उतरली का, हे ती पट्टी सांगत नाही. आणि लग्न काही पुन्हा लावता येत नाही.

दृश्य: कोपऱ्यातलं जुनं कॉम्प्युटर. काळा पडदा, पांढरी अक्षरं.

अल्बम आणि व्हिडिओचं मिक्सिंग विंडोजवरच होतं. ती सॉफ्टवेअरं तिथलीच. पण कार्डं उतरवायला जुन्या मशीनवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, टाकलं तर बाकी काही विकत घ्यावं लागत नाही. पुढे जी साधनं दिसतील ती सगळी मुक्त स्रोत, म्हणजे खुल्या कोडची आहेत. माउस लागत नाही. हुकूम टाईप करायचा, एंटर मारायचं.

पहिली अडचण कॉपीच्या आधीच उभी राहते. कॅमेरा फाईलला नाव देतो ते चार अक्षरं आणि चार आकड्यांचं. 9999 झाले की पुन्हा 0001. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे एकाच मांडवात फिरले की एका नावाचे दोन फोटो तयार होतात. एकात सप्तपदी, दुसऱ्यात पंगत. दोन्ही एका फोल्डरमध्ये टाकताना घाईत 'रिप्लेस' दाबलं की सप्तपदी गेली.

यावर उपाय एक्झिफटूल. फिल हार्वी यांनी पर्ल भाषेत लिहिलेला हा प्रोग्राम फोटोच्या पोटात दडलेली माहिती वाचतो: काढल्याची वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल. त्यावरून सगळ्या फाईलींना एका दमात नवी नावं देतो, आणि तेच नाव आधी असेल तर त्यावर दुसरी फाईल चढवत नाही. अट एकच. मांडवात शिरण्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवलेली हवीत. हे काम कुठलाच प्रोग्राम तुमच्यासाठी करणार नाही.

आता खुद्द कॉपी. ती आरसिंकने करायची. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 1996 साली ऑस्ट्रेलियात हा प्रोग्राम लिहिला. त्यांच्यापुढचा प्रश्न होता सावकाश चालणाऱ्या लाइनवरून मोठ्या फाईली पाठवायचा. फाईलचे तुकडे पाडून, दोन्हीकडच्या तुकड्यांची बेरीज ताडून, बदललेला तेवढाच भाग पाठवायचा, अशी ती युक्ती. गंमत म्हणजे कार्डावरून त्याच मशीनच्या डिस्कवर उतरवताना ही युक्ती वापरलीच जात नाही. तिथे आरसिंक अख्खी फाईल उचलतो. आपल्या कामाची त्याची सवय वेगळी आहे. प्रत्येक फाईलचा आकार आणि वेळ तो पाहतो, आधी उतरलेली असेल तर तिला हात लावत नाही.

दृश्य: अंधार. मोबाइलचा टॉर्च. "लाइट गेली का रे?"

मराठवाड्यात मे महिन्यात लाइट विचारून जात नाही. इन्व्हर्टरनेही दम सोडला की कॉपी अर्ध्यावर तुटते. लाइट आल्यावर वरचा बाण दाबून तोच हुकूम परत द्यायचा. झालेलं सोडून आरसिंक उरलेलं उचलतो. फाईल उतरत असताना तिला तो तात्पुरतं, लपलेलं नाव देतो आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव लावतो. त्यामुळे अर्धी फाईल पूर्ण असल्याचं सोंग सहसा घेऊ शकत नाही. तरी लाइट जाताना नेमकी संपत आलेली फाईल संशयास्पदच धरावी.

म्हणून पुढची पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: शा-256-सम. प्रत्येक फाईल वाचून हा प्रोग्राम 64 अक्षरांचा एक ठसा काढतो. फाईलमधला एक बिट, म्हणजे सगळ्यात छोटा कण, जरी बदलला तरी ठसा पार बदलतो. कार्डावरच्या फाईलींच्या ठशांची यादी बनवायची आणि ती डिस्कवरच्या फाईलींशी ताडायची. जुळलं तर 'ओके', नाही तर 'फेल्ड'.

इथे एक खाच आहे, ती जाणकारांच्याही नजरेतून सुटते. नुकतीच लिहिलेली फाईल लगेच वाचायला मागितली तर लिनक्स ती बऱ्याचदा कॉम्प्युटरच्या मेमरीतूनच (रॅममधून) देतो. डिस्कपर्यंत जातच नाही. तपासणी झाली असं वाटतं, पण तपासलेली असते मेमरी. म्हणून बाहेरची डिस्क आधी अनमाउंट करायची, म्हणजे लिनक्सपासून रीतसर सोडवायची, काढून परत जोडायची, मग ठसे ताडायचे. वेळ जातो. जाऊ द्यावा.

दृश्य: एडिटरचं टेबल. तयार व्हिडिओ एक्सपोर्ट होतोय.

दुसरीकडे मिक्सिंग झालेले व्हिडिओ तयार होत असतात. ते दुसऱ्या डिस्कवर टाकायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. यासाठी लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) पहारेकरी आहे, आयनोटिफाय. 2005 सालच्या 2.6.13 आवृत्तीपासून तो तिथे आहे. फोल्डरमध्ये काही घडलं की गाभाच कळवतो. दर मिनिटाला जाऊन डोकवावं लागत नाही. आयनोटिफायवेट या हुकुमाला सांगायचं, लिहिणं संपून फाईल बंद झाली की मला उठव, आणि तो उठला की आरसिंक चालवायचा. फाईल तयार झाल्याची खबर नको, बंद झाल्याची हवी. नाही तर अर्धा एक्सपोर्ट उचलला जातो. हे फोल्डर लिनक्सच्या मशीनवरच असू द्यावं आणि एडिटरने नेटवर्कवरून त्यात लिहावं. उलटं केलं, म्हणजे विंडोजचं फोल्डर लिनक्सवर जोडून पहारा बसवला, तर तिकडे झालेल्या बदलाची खबर इकडे येत नाही.

डिस्क भरली की डीएफ हा हुकूम किती भरली ते सांगतो आणि डीयू हा हुकूम कुणी भरली ते. एनसीडीयू तेच उतरत्या क्रमाने, आत-बाहेर फिरून दाखवतो. 'हळद फायनल', 'हळद फायनल 2', 'हळद खरंच फायनल' हे तिघं तिथे शेजारी सापडतात. कधी मोठी फाईल पुसूनही जागा मोकळी होत नाही. बहुधा ती एखाद्या प्लेअरमध्ये उघडी राहिलेली असते. एलएसओएफ हा हुकूम त्या प्रोग्रामचं नाव सांगतो. तो बंद केला की जागा सुटते.

पुसण्यावरून आठवलं. इथे रिसायकल बिन नाही. आरएम हा पुसायचा हुकूम, दिला की गेलं. फाईली शोधणाऱ्या फाइंडच्या हुकुमात 'डिलीट' हा शब्द अटींच्या आधी पडला, तर अटी न बघता सगळं साफ होतं. आरसिंकलाही 'डिलीट' जोडता येतो. मग मूळ जागी जे नाही ते तो दुसऱ्या डिस्कवरूनही उडवतो. चुकून रिकाम्या फोल्डरपासून आरसा, म्हणजे हुबेहूब प्रत, करायला सांगितलं, तर तो आज्ञाधारकपणे बॅकअपही रिकामा करेल. म्हणून आधी 'एन' आणि 'व्ही' लावून कोरडी चाल घ्यायची. काय करणार ते तो फक्त सांगतो, करत काही नाही. त्या यादीत 'डिलीटिंग' अशी ओळ आली, तर ते फोल्डर कोणत्या लग्नाचं आणि अल्बम गेला की नाही, हे वहीत बघून मगच खरा हुकूम द्यायचा.