नदीकाठचा किल्ला : कादंबरीकार जेम्स ऑलिव्हर कर्वुड

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ओवासो गावी, शियावासी नदीच्या ऐन काठावर पिवळ्या गिलाव्याचा आणि निमुळत्या छपरांच्या बुरुजांचा एक छोटेखानी किल्ला उभा आहे. याच गावात १८७८ साली जन्मलेले कादंबरीकार जेम्स ऑलिव्हर कर्वुड यांनी तो १९२२-२३ मध्ये बांधून घेतला, तोही राहण्यासाठी नव्हे, तर लिहिण्यासाठी. भिंतींच्या गिलाव्यातून डोके वर काढणारे गोटे त्यांनी स्वतः पारखून निवडले होते. नदीकडे तोंड असलेल्या एका बुरुजात त्यांची लेखनाची खोली होती.

खिडकीबाहेर गावची नदी असली, तरी कागदावर उतरत असे ते कॅनडाचे बर्फाळ अरण्य, आणि ते ऐकीव नव्हते. डेट्रॉइटमधील वृत्तपत्राची नोकरी १९०७ साली सोडल्यावर कर्वुड वर्षातले कित्येक महिने हडसन उपसागराच्या परिसरात, युकॉनमध्ये, अलास्कात भटकत. काही काळ तर कॅनडा सरकारनेच त्या मुलखाविषयी लिहिण्यासाठी त्यांना मानधन दिले. घोडेस्वार पोलीस, फरसाठी सापळे लावणारे शिकारी, कुत्र्यांच्या घसरगाड्या हे सारे तिथूनच त्यांच्या कादंबऱ्यांत आले. त्यांचे नायक-नायिका बहुतेक एकाच साच्यातले आहेत, हे मान्य करावे लागेल. जनावरे मात्र तशी नाहीत. १९१४ च्या ‘कझान’मधला नायक तीन हिस्से हस्की कुत्रा आणि एक हिस्सा लांडगा आहे, आणि माणसाची शेकोटी की रानातली लांडगी, या ओढाताणीवरच सारी कादंबरी चालते.

कर्वुड स्वतः हौशी शिकारी होते. त्यांच्या सांगण्यानुसार, ज्या ग्रिझली अस्वलाला त्यांनी गोळी घालून जखमी केले होते, तेच पुढे डोंगरकड्यावर, हाती बंदूक नसताना, समोर उभे ठाकले. काही क्षण त्यांच्याकडे पाहून ते आपल्या वाटेने निघून गेले. १९१६ च्या ‘द ग्रिझली किंग’च्या प्रस्तावनेत, शिकारीतला खरा थरार मारण्यात नसून जगू देण्यात आहे, असे त्यांनी लिहिले. फ्रेंच दिग्दर्शक झाँ-झाक आनो यांनी याच कादंबरीवरून १९८८ साली चित्रपट केला.

अखेरच्या काळात ते राज्याच्या संवर्धन आयोगावर होते आणि शिकारीचा हंगाम आखडावा म्हणून भांडत होते. ऑगस्ट १९२७ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. किल्ला गावाकडे आला. त्यात काही वर्षे शाळा मंडळाची कचेरी चालली, आता संग्रहालय आहे.