'झुमका' लाव म्हटलं, तर कोणता लावायचा? एकाच नावाची गाणी

राम राम मंडळी!

हळदीचा कार्यक्रम रंगात आलाय आणि कुणीतरी डीजेवाल्याला ओरडून सांगतं, "भाऊ, झुमका लाव!" आता त्यानं काय लावावं? काकू-मावशींना हवं असतं १९६६ च्या 'मेरा साया'मधलं 'झुमका गिरा रे', आशाबाईंचा आवाज आणि मदनमोहन यांची चाल. कॉलेजच्या पोरींना २०२३ चं 'व्हॉट झुमका' पाहिजे. आणि आपल्या धुळे-जळगावकडची पोरं 'हाई झुमका वाली पोर' लागेपर्यंत जागची हलत नाहीत. ते अहिराणी गाणं लागलं, की मांडवात पाय ठेवायला जागा उरत नाही.

हा घोळ होतो कारण आपल्याकडे गाण्याचं वेगळं बारसं होत नाही. मुखड्याचे पहिले दोन-चार शब्द लोकांच्या तोंडी बसतात आणि तेच नाव होतं. प्रेम, पाऊस, चंद्र, विठ्ठल, आई... शब्द तेच ते, मग नावं जुळणारच. इंग्रजीतही तेच आहे. 'हॅलो' म्हटलं तर लायोनेल रिचीचं की २०१५ चं अ‍ॅडेलचं? 'द पॉवर ऑफ लव्ह' नावाची तर १९८४-८५ च्या सुमारास तीन निरनिराळी गाणी गाजली. त्यातलं जेनिफर रशचं पुढे १९९३ मध्ये सेलिन डिऑननं गायलं.

(पडद्यावर: १९७५ – १९७८ – २००७)

मला यातलं सगळ्यात आवडतं उदाहरण आहे 'तेरे बिना'. १९७५ चा 'आंधी', 'तेरे बिना ज़िंदगी से'. १९७८ चा 'घर', 'तेरे बिना जिया जाए ना'. २००७ चा 'गुरू', नुसतं 'तेरे बिना'. तिन्ही गाणी लिहिली गुलज़ार यांनी! पहिल्या दोन्हींना संगीत आर. डी. बर्मन यांचं, आवाज लताबाईंचा, 'आंधी'त सोबत किशोरकुमार. तिसऱ्याला ए. आर. रहमान. एकाच माणसानं तेच दोन शब्द तीनदा घेतले, पण ऐकून बघा. 'आंधी'त दुरावलेले नवरा-बायको कितीतरी वर्षांनी भेटलेत. कडव्यांच्या मध्ये संजीवकुमार साध्या आवाजात बोलतो आणि ते बोलणं गाण्याचाच भाग होऊन जातं. 'घर'मध्ये नव्या संसाराची हौस आहे, तक्रारीचा सूरही नाही. 'गुरू'त ठेका कव्वालीच्या अंगानं जातो. नाव सारखं असलं म्हणून कवीनं पुनरावृत्ती केली, असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

याच्या उलटही होतं. 'सैराट'मधलं 'याड लागलं' हिंदीत 'धडक'मध्ये गेलं, तेव्हा चाल राहिली पण नाव झालं 'पहली बार'. 'झिंगाट' मात्र दोन्हीकडे 'झिंगाट'च.

आता आपल्या घरचं बघू. 'अरे संसार संसार' शोधा. एकीकडे येतो १९८१ चा मराठी चित्रपट. दुसरीकडे आसोद्याच्या बहिणाबाईंची कविता, जी १९६१ च्या 'मानिनी'त गाणं होऊन आली. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या म्हणत गेल्या आणि त्यांचा मुलगा सोपानदेव यांनी ते टिपून ठेवलं, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं आणि आज आपण ठामपणे सांगतो, हे शब्द बहिणाबाईंचे.

पण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्यावर आपल्या बाया 'आथानी कैरी, तथानी कैरी' म्हणतात, ते कुणाचं? पहिली ओळ सगळीकडे तीच, कडवी मात्र गावागणिक बदलतात. खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांचंही तसंच. इथे एक नाव म्हणजे एक गाणं नव्हे, गाण्यांचं अख्खं गोत आहे. तुमच्या आजीचं कडवं आणि शेजारच्या गावातलं कडवं वेगळं निघालं, तर कुणी चुकलेलं नाही. दोन्ही रेकॉर्ड करून ठेवा.

मग प्रश्न येतो, दुसऱ्यानं आपल्या गाण्याचं नाव घेतलं तर दावा लावता येतो का? नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट मिळत नाही. 'देसी बॉईज' या चित्रपटाच्या नावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये हेच सांगितलं. शब्द आणि चाल मात्र उचलता येत नाही, तिथे कायदा आहे.

ओळख पटवायला व्यवस्थाही आहे. गाणं ऑनलाइन वितरित करताना प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड मिळतो. तेच गाणं दुसऱ्या कुणी गायलं, की त्या रेकॉर्डिंगचा कोड वेगळा. नाव सारखं असलं तरी हिशोबात गल्लत होऊ नये म्हणून हा कोड जपून ठेवा.

अहिराणी गाणी करणाऱ्या माझ्या भावा-बहिणींनो, खूप मेहनत घेता तुम्ही. शेत गहाण ठेवल्यासारखा जीव ओतता. मग व्हिडिओखालच्या वर्णनात नुसतं 'नवीन अहिराणी गाणं' लिहून का सोडता? अभिनय करणाऱ्यांचं नाव मोठं असतं आणि लिहिणाऱ्याचं कुठेच नसतं, हे मला फार खटकतं. गीतकार, संगीतकार, गायक आणि साल, चारही गोष्टी लिहा. गाणं जुनं असेल तर स्पष्ट 'पारंपरिक' लिहा आणि ज्या माउलीकडून ते ऐकलं, तिला विचारून तिचं नाव आणि गावही टाका.